गोळीच्या कागदावरचा इतिहास

माणसानं आपल्या अंगचे गुण चारचौघांत उघड करू नयेत, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. मी माझे गुण आमच्या इमारतीच्या जिन्यातल्या फलकावर उघड केले आणि फसलो. 'गच्चीवरची टाकी धुवायची असल्यामुळे उद्या सकाळी पाणी येणार नाही' एवढीच सूचना लिहायची होती. इमारतीचा चिटणीस म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि मी त्या सूचनेत पाण्याचं मानवी जीवनातलं स्थान, टाकीची आजवरची वाटचाल आणि तळाशी साचलेल्या गाळावर थोडं चिंतन असं सगळं घातलं. लोक जिन्यात उभे राहून ती वाचायचे. पाणी येणार नाही ही बातमी अगदी शेवटच्या ओळीत असल्यानं बऱ्याच घरांत बादल्या भरायच्या राहिल्या, ही गोष्ट वेगळी.

आमच्या वरच्या मजल्यावर गोळ्यांच्या कारखान्याचे मालक राहतात. त्यांनी ती सूचना दोनदा वाचली म्हणे. त्याच संध्याकाळी ते आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चिटणीस, आमच्या कंपनीचा इतिहास तुम्हीच लिहायचा."

आता हे कोणी कोणाला म्हणावं? मी विमा कचेरीत दावे नाकारण्याची पत्रं लिहिण्यात हयात घालवलेला माणूस. पण एक सांगतो, इतिहासाला लागते ती शिस्त माझ्याइतकी कोणाकडे नसेल. विम्याच्या धंद्यात सगळा खेळ क्रमाचा असतो. आधी पॉलिसी आणि मग आजार, तर पैसे मिळतात. आधी आजार आणि मग पॉलिसी, तर माझं पत्र मिळतं. आजार तोच, माणूस तोच, पण क्रम फिरला की सगळं फिरतं. इतकी वर्षं मी हेच पाहत आलो होतो, आणि निवृत्त झाल्यावर ते पाहायला काही उरलं नव्हतं. शिवाय पुस्तकावर लेखक म्हणून माझं नाव येणार होतं. आजवर माझं नाव लोकांनी फक्त नकाराच्या पत्राखाली वाचलं होतं आणि वाचून ते काय म्हणायचे हे मला माहीत होतं. एकदा तरी चांगल्या मजकुराखाली ते छापून यावं, एवढीच माझी इच्छा होती. बायको आतून म्हणाली, "हो म्हणून टाका. निदान फलक तरी सुटेल तुमच्या तावडीतून."

मालकांनी सगळी हकिगत सांगितली. कंपनी काढली त्यांच्या वडिलांनी आणि काकांनी. काका म्हणजे सख्खे नव्हेत, भागीदार. एक भाड्याची खोली, एक पातेलं आणि दोन मित्र, अशी सुरुवात. वडिलांना डाळिंबाची लाल गोळी करायची होती, काकांना लिंबाची पिवळी. दोघंही हट्टी. शेवटी अर्धी लाल आणि अर्धी पिवळी अशी दोनरंगी गोळी निघाली आणि तिनं त्यांचं नशीब काढलं.

"मग भागीदारी मोडली कशी?" मी विचारलं.

"कागदावरून."

"कराराच्या?"

"नाही हो, गोळीच्या. वडील म्हणाले, गोळी हाताला चिकटते, कागदात गुंडाळू या. काका म्हणाले, गिऱ्हाईक गोळी मागतं, कागद मागत नाही. माल झाकून विकणं ही लबाडी आहे. झालं. काका बाहेर पडले आणि समोरच बरण्या मांडून सुट्या गोळ्या विकायला बसले. पुढे दोघं मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत."

"म्हणजे काकाही गेले?"

"छे, काका ठणठणीत आहेत. वडील मरेपर्यंत."

मी हे टिपून घेतलं. मग मालक हसून म्हणाले, "एक गंमत घाला त्यात. शेवटच्या आजारपणात वडील दुसरं काही बोलायचेच नाहीत. दोनरंगी गोळी पहिल्यांदा जमली, त्या संध्याकाळचं सांगायचे. दोघांनी इतक्या गोळ्या खाल्ल्या की जिभा अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या झाल्या. मग खोलीच्या पायरीवर बसून एकमेकांना जीभ दाखवत हसत राहिले. डॉक्टर येऊन 'जीभ दाखवा' म्हणाले की वडलांना हसू आवरायचं नाही. डॉक्टरांना वाटायचं, ताप डोक्यात गेला." जाताना दारात थांबून त्यांनी बजावलं, "काकांना मात्र भेटायला जाऊ नका. आमचं नाव काढलं की ते दार लावून घेतात. भांडण एका वाक्यात उरका."

मी कामाला लागलो. बातमी इमारतभर झाली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. आपल्याकडे माणसाला एक वेळ चहा कोणी फुकट देणार नाही, पण सल्ला द्यायला लोक जिने चढून येतात. तळमजल्यावरचे वकील म्हणाले, "इतिहास मुळापासून हवा. साखर कुठून आली? उसापासून. ऊस कुठून आला? तिथून सुरू करा, नाहीतर उद्या कोणी आक्षेप घेईल." समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर म्हणाले, "कंपनीनं या गावातल्या दंतवैद्यकाला जे योगदान दिलं, त्याबद्दल कोणी एक अक्षर लिहीत नाही. माझा दवाखाना, माझी मोटार, मुलीचं शिक्षण, सगळं त्या गोळीवर उभं आहे. कृतज्ञता म्हणून एक प्रकरण तरी हवं." मी दोघांचंही ऐकलं. उसाची प्रकरणं इतकी वाढली की संस्थापकांचा जन्म व्हायला पुस्तकाचा मध्य उजाडला. मी बायकोला रोज वाचून दाखवायचो आणि ती रोज भाजी निवडता निवडता विचारायची, "जन्मले का ते?"

शेवटी हस्तलिखित पूर्ण झालं. ते पिशवीत घालून मी कारखान्यात गेलो. मालकांनी ते हातात घेतलं, वजनाचा अंदाज घेतला आणि न उघडताच बाजूला ठेवलं.

"चिटणीस, पुस्तक कोण वाचणार? आपलं गिऱ्हाईक गोळी खातं, पुस्तक खात नाही. मी वेगळा विचार केलाय. गोळीच्या कागदाची आतली बाजू कोरी जाते. तिथं इतिहास छापायचा. एका कागदावर एक तुकडा. गोळी खाता खाता माणूस वाचेल."

मला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण त्यांनी टेबलावरची गोळी सोलली, तोंडात टाकली आणि तिचा कागद माझ्यापुढे पसरला. त्याच्या दोन्ही टोकांना पीळ बसतो. पीळ सोडून मधे जी जागा उरते, ती दोन बोटांत मावेल एवढी. माझी उसाची सात प्रकरणं त्या दोन बोटांत बसवायची होती.

मी दुखावलो. पण पदरी पडलं ते पवित्र म्हणायचं, असं ठरवून घरी आलो आणि कापाकापी सुरू केली. ज्या परिच्छेदावर मी तीन-तीन दुपारी घालवल्या, तो मीच अर्ध्या ओळीत बसवत होतो. दंतवैद्यकाच्या प्रकरणाचं 'दातांवरही परिणाम झाला' एवढंच उरलं. उसाच्या सात प्रकरणांचं आक्रसत आक्रसत शेवटी एकच वाक्य राहिलं: 'ऊस होता.' भांडणाचं वाक्य मालकांच्या आज्ञेप्रमाणे लहान होतं: 'कागदावरून मतभेद होऊन भागीदार वेगळे झाले.' जिभेची गंमत मात्र मी जपली. ती कापायला माझाही हात धजेना. आणि सगळ्यात शेवटी एक कागद फक्त माझ्यासाठी: 'लेखक', आणि खाली माझं नाव.

प्रत्येक कागदावर मी कोपऱ्यात क्रमांक घातला होता. विमा कचेरीचा माणूस मी, क्रमांकाशिवाय मला झोप येत नाही. आणि तिथंच घोडं अडलं. कागदावर वजन आणि किमतीशिवाय कुठलाही आकडा छापायचा, तर वजनमापे कचेरीची मंजुरी लागते, असं निघालं. मी नमुने घेऊन गेलो. साहेबांनी भिंगातून कागद पाहिला.

"हे आकडे कसले?"

"इतिहासाचे."

"सगळे कागद जमवले तर गिऱ्हाइकाला काय मिळतं?"

"संपूर्ण इतिहास मिळतो."

"म्हणजे बक्षीस योजना." त्यांनी लाल पेन काढलं. "बक्षीस योजनेची परवानगी वरच्या मजल्यावर."

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, बक्षिसाची किंमत किती? मी छाती फुगवून म्हणालो, इतिहास अमूल्य असतो. त्यांनी 'अमूल्य' असं लिहून घेतलं आणि एवढ्या मोठ्या रकमेचं बक्षीस आमच्या अधिकारात येत नाही, ते मुख्य कचेरीकडे पाठवावं लागेल, असं सांगितलं. मुख्य कचेरीतून कागद परत यायला किती दिवस लागतात हे विचारल्यावर त्यांनी माझ्या वयाकडे पाहिलं. मी घाबरून म्हणालो, बरं, किंमत शून्य लिहा. त्या म्हणाल्या, "शून्य किमतीचं बक्षीस दाखवणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. त्याची तक्रार खालच्या मजल्यावर घेतात." मी खाली गेलो. तिथं तेच साहेब होते. माझ्याविरुद्धची तक्रार मीच करायची का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांना थोडी दया आली.

"आकडे काढून टाका ना," ते म्हणाले. "मग तो नुसता मजकूर. मजकुरावर आमचं काही म्हणणं नसतं, तो कोणी वाचत नाही."

"पण क्रम कसा कळणार?"

"माणूस जन्मतो, धंदा करतो, मरतो. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

मालकही तेच म्हणाले. छपाई ओळीनं होणार, मशीन ओळीनं गुंडाळणार, मग गोळ्या बाहेर पडणार त्याही ओळीनंच, काळजी करू नका. मी केली नाही. मशीनच्या तोंडाशी उभं राहून मी स्वतः पाहिलं, इतिहास अगदी शिस्तीत बाहेर येत होता. ऊस झाला, जन्म झाला, बालपण झालं. मी समाधानानं घरी गेलो. मशीनच्या पुढे एक मोठी परात आहे आणि तिच्यात दोन बायका लाकडी फावड्यानं सगळ्या गोळ्या वरखाली करून मग पुड्या भरतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कालच्या नि आजच्या गोळ्या एकत्र याव्यात म्हणून कारखान्याची ही पहिल्या दिवसापासूनची पद्धत होती. मालकांना ती ठाऊक होती, पण ते म्हणाले, "मी गोळ्यांचा विचार केला. इतिहासाचा नाही केला."

पुड्या बाजारात गेल्या. पहिल्या दिवशी सकाळी दातांचे डॉक्टर पांढरा सदरा घालून जिना चढताना दिसले. त्यांनी पहिली गोळी सोलली होती तिच्या कागदावर होतं, 'संस्थापकांचं निधन झालं. सारं गाव हळहळलं.' ते मालकांना भेटून आले, दोन शब्द बोलले आणि खाली आल्यावर मला म्हणाले, "वाईट झालं. पण कळवायची ही काय पद्धत?" मालकांच्या वडिलांना जाऊन किती वर्षं झाली हे मी सांगितल्यावर ते ओशाळले आणि तो ओशाळेपणा त्यांनी माझ्यावरच काढला.

वकिलांच्या पुडीत 'ऊस होता' पाच वेळा निघालं. त्यांनी पाचही कागद माझ्या टेबलावर ओळीनं मांडले आणि विचारलं, "पुढे काय?" भाजीवाल्याला आधी कारखान्याची नवी इमारत मिळाली, मग भाड्याची खोली, तो सगळ्यांना सांगत सुटला की एवढा मोठा माणूस, पण शेवटी खोलीत राहायची पाळी आली बिचाऱ्यावर. पण खरा गोंधळ झाला तो मालकांच्या आईच्या पुडीत. त्या म्हणजे संस्थापकांची पत्नी. त्यांना एकाच पुडीत 'संस्थापक विवाहबद्ध झाले' हा कागद तीनदा निघाला. त्यांनी मुलाला समोर उभं केलं आणि थंड आवाजात विचारलं, "बाकीच्या दोघी कोण?"

मालकांनी मला वर बोलावून घेतलं. मी एकच कागद तीनदा छापून येण्याची कारणं सांगू लागलो, तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा. तुम्ही त्यांच्याच बाजूचे." गेलेल्या माणसाचा फोटो त्यांनी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवला.

मी मालकांना हात जोडून विनवलं, छपाई थांबवा. ते म्हणाले, "थांबवू? अहो, खप बघा." खरंच होतं. गावाला पुढचं कळायचं होतं, नाहीतर मागचं, आणि त्यासाठी लोक गोळ्या खात सुटले होते. बसथांब्यावर अनोळखी माणसं एकमेकांना विचारत, "तुमचे संस्थापक कारखान्यापर्यंत पोचले का?" माझ्या इतिहासाची कचेरीत, केशकर्तनालयात, दवाखान्यात चर्चा होत होती, आणि ती सगळी चुकीच्या क्रमानं. माझ्या जिवाची तगमग होई. मी फलकावर बरोबर क्रम लिहून लावला. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, 'शेवट सांगून मजा घालवू नये.'

आणि या सगळ्यात माझ्या नावाचा कागद कोणालाच मिळाला नव्हता. मी दुकानदारांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. कोणाला 'परदेशातून यंत्र आणलं' मिळालं होतं, कोणाला 'आल्याची गोळी चालली नाही', पण 'लेखक' कोणालाच नाही. मग मी स्वतः पुड्या आणायला लागलो. कागद बघून गोळी टाकून द्यायची तर बायको डोळे वटारायची. "टाकायच्या नाहीत. आणल्यात तर खा." तिनं साखर आणणं बंद केलं. चहात गोळी, दुधात गोळी. आमच्या घरच्या चहाला अर्धवट डाळिंबाची चव यायला लागली आणि पाहुणे यायचे थांबले. मुंग्यांनी मात्र येणं सोडलं नाही. शेवटी एका दुपारी गोळी चावताना माझी दाढच मोडली. दातांच्या डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं, माझ्या उघड्या तोंडात आरसा घातला आणि मला काही बोलता येत नाही अशा वेळी म्हणाले, "दातांवरही परिणाम झाला. म्हणजे पुरं एक प्रकरण अर्ध्या ओळीत. नाही का, चिटणीस?"

अशा अवस्थेत मी गाल सुजवून घरी बसलो असताना मालक घाबरेघुबरे होऊन आले. काकांचा निरोप होता. ज्यानं हे कागद लिहिले, त्याला माझ्याकडे पाठवा.

"आता कोर्टात खेचणार," मालक म्हणाले. "भांडणाचं वाक्य त्यांना लागलं असणार. तुम्ही जा. माफी मागा. काय वाटेल ते सांगा."

"मी? वाक्य तुम्ही सांगितलंत."

"पण लेखक तुम्ही आहात ना?"

एवढ्या दिवसांत कोणी मला लेखक म्हणालं, ते असं. बायको म्हणाली, "जा हो. सुजलेला गाल पाहून तरी हात उगारणार नाहीत."

काकांची खोली एका जुन्या दुकानाच्या मागे होती. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण फळीवर रिकाम्या बरण्या पुसून ठेवलेल्या होत्या. काका म्हणजे वाळून काडी झालेला, ताठ बसलेला म्हातारा. समोर टेबल, त्यावर गोळ्यांचे कागद, एकेक सरळ करून, हातानं दाबून सपाट केलेले, ओळीत मांडलेले. शेजारच्या टोपलीत सोललेल्या गोळ्यांचा ढीग.

"बसा. गोळी घ्या," ते म्हणाले. मी गालाकडे बोट केलं. "मीही खात नाही. कागदातली गोळी आयुष्यात तोंडात घातली नाही. मला कागद हवे होते." हे बोलताना त्यांचं त्यांनाच काही वाटलं असावं, कारण सपाट असलेलाच एक कागद त्यांनी पुन्हा दाबून सपाट केला.

मी माफीची वाक्यं मनात जुळवली होती. ती त्यांनी बोलूच दिली नाहीत. "हे बघा. मी असं लावलंय. तुम्ही लिहिलंत, तुम्ही सांगा, बरोबर आहे का."

मी वाकून पाहिलं. ऊस होता, जन्म होता, खोली होती, इथवर ठीक. त्यानंतर एकदम भांडण. मग कारखाना, यंत्र, विवाह (एकदाच), नवी इमारत, निधन. आणि निधनानंतर, अगदी टोकाला, शेवटचा कागद: 'संध्याकाळी दोघं पायरीवर बसले आणि रंगलेल्या जिभा एकमेकांना दाखवत हसत राहिले.'

"चुकलंय," मी म्हणालो. तोंडातून आपसूकच गेलं, सवय आहे. "हा शेवटचा कागद भांडणाच्या आधी येतो. दोनरंगी गोळी आधी, भांडण नंतर."

"ते मला सांगता? मी होतो तिथं. जीभ माझी होती." काका चिडले नव्हते. "मला घडलं कसं ते माहीत आहे. पण तुमच्या कागदांना आकडे नाहीत. मग म्हटलं, आकडे नाहीत तर आपण आपले लावू. असं लावलं की वाचायला बरं वाटतं. रोज सकाळी वाचतो." त्यांनी टोकाचा कागद बोटानं थोडा सरळ केला. "त्याच्या मयताला मी गेलो नाही. समोर राहत होतो, तरी गेलो नाही. असं लावलं की तो शेवटी येऊन बसल्यासारखा वाटतो. पण तुम्ही म्हणता चुकलंय, तर चुकलं असेल."

आणि ते कागद हलवायला लागले.

हयातभर मी क्रमावर पोट भरलं. क्रम चुकला म्हणून विधवांना, म्हाताऱ्यांना नकार कळवले, आणि शेवटी 'आपला नम्र' अशी सही केली. त्या क्षणी मला वाटलं, निदान इथं तरी आपण तोंड उघडायला नको होतं. आणि मला मालकांचं बोलणं आठवलं.

"थांबा," मी म्हणालो. "हलवू नका. बरोबर आहे."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"नाही. त्यांच्या मुलानं सांगितलंय. शेवटच्या आजारपणात ते दुसरं काही बोलायचे नाहीत. हीच संध्याकाळ. डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं की हसायला लागायचे. म्हणजे शेवटचं हेच. मीच चुकीच्या जागी लिहिलं होतं."

काकांनी कागदांवरचा हात काढून घेतला. मग त्यांनी टोपलीतली एक गोळी उचलली, निरखून पाहिली आणि तोंडात टाकली. ती त्यांनी सावकाश विरघळू दिली. मग त्यांनी भिंतीवरच्या छोट्या आरशात जीभ काढून पाहिली आणि म्हणाले, "लाल जास्त उठतो अजून. मी तेव्हाच सांगितलं होतं त्याला."

खिशातून त्यांनी पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "आता आकडे घाला कोपऱ्यात. पुन्हा मुंग्या आल्या, वारा आला, तर मला क्रम आठवणार नाही. आणि शेवटी सही करा. लेखकाची."

मी पेन घेतलं, खुर्ची पुढे ओढली आणि तेव्हा टेबलाचा पाय दिसला. त्याच्याखाली गोळीच्या कागदांची एक घडी घातली होती, चांगली जाड. एक कोपरा बाहेर आला होता आणि त्यावर माझ्या आडनावाचं शेवटचं अक्षर होतं.

"हे कागद..." मी म्हणालो.

"ते होय? तो एक कागद सारखा निघायचा. कुठं लावायचा कळेना. त्यात काही घडतच नाही, नुसतं कोणाचं तरी नाव आहे. टेबल डुगडुगत होतं, म्हणून पायाखाली घातला."

"त्यातला एखादा मिळेल का मला?"

"आत्ता नको," काका म्हणाले. "आधी लिहून घ्या. काढलात तर हलेल."

मी पहिल्या कागदावर एक घातला, दुसऱ्यावर दोन, आणि असं करत पायरीवर बसलेल्या त्या दोघांपर्यंत आलो आणि त्यांच्याखाली सही केली. अक्षर एकदाही वाकडं गेलं नाही. टेबल जराही हललं नाही.